पंख्याची पाती मोजू नकोस

"भातलावणीचे दिवस आहेत, आत्ता घरी कसं सांगू?" हे वाक्य तुझ्या सहा पानी पत्रात पाचव्या पानावर, समासात, वेगळ्या शाईने लिहिलेलं आहे. बाकी सगळी पानं डोळ्याबद्दल. पण मला वाटतं, पत्र लिहिलंस ते त्या समासासाठी.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पत्र लिहिणारी सव्वीस वर्षांची, गुहागरजवळच्या एका गावची. दोन वर्षं झाली नागपुरात, मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी, मनीषनगरला दोन मैत्रिणींसोबत फ्लॅट. शाळेपासून चष्मा, आता दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे नऊ. मे महिन्यात उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आणि जाळी तरंगायला लागली. अंधारात मान वळवली की कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. स्क्रीनमुळे असेल म्हणून तिने आठ दिवस तसेच काढले, मग एकटीच धंतोलीत डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थेंब घालून तपासलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, भोक पडलंय म्हणाले आणि त्याच दिवशी लेझर केलं. डाव्या डोळ्याचा पडदाही कडेला पातळ झालाय, त्यावर लक्ष ठेवायचं आहे. दोन आठवड्यांनी दाखवलं तेव्हा लेझरची जागा नीट बसली होती. पुढची तपासणी ऑगस्टच्या शेवटी. घरी सांगितलं ते एवढंच, "नंबर जरासा वाढलाय." वडिलांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, आई ऐकल्याबरोबर व्याडेश्वराला अभिषेक बोलून बसेल, आणि स्थळं बघणंही सुरू आहे. रात्री झोप येत नाही. अंथरुणावर पडून एक डोळा झाकायचा, पंख्याची पाती मोजायची, मग दुसरा झाकायचा. विचारलंय ते असं: नोकरी सोडून घरी जाऊ का? आणि घरी सांगू का?

आता तुझ्याशी बोलते, पोरी. मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात काचबिंदू आहे, त्यामुळे डोळ्यांच्या दवाखान्यांतल्या बाकांवर मी बरीच वर्षं बसलेय, आणि बाकावर बसून माणूस थोडंफार शिकतो.

तुझं काही चुकल्यामुळे हे झालं नाही. लॅपटॉपने पडदा फाटत नाही, रात्री मोबाईल बघितल्यानेही नाही. मोठ्या उणे नंबरचा डोळा मुळात लांबट असतो. साधारण डोळा पुढून मागे 24 मिलिमीटरच्या आसपास भरतो, तुझ्यासारख्यांचा त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त. पडदा तेवढाच, त्याला ताणून जास्त जागा झाकावी लागते, म्हणून तो कडेला विरतो. जुन्या लुगड्यासारखा. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो, तो वयाने आकसतो. तुमच्यात लवकर आकसतो. आकसताना पडद्याला हिसका देतो, ती तुझी वीज. तुटलेल्या कणांच्या सावल्या पडद्यावर पडतात, ते तुझे ठिपके. पडद्याला दुखणं कळणारी नस नसते, म्हणून भोक पडलं तरी काही दुखलं नाही. लेझरने त्या भोकाभोवती टाके घातल्यासारखे व्रण केलेत. त्यातून पाणी शिरून पडदा सुटू नये म्हणून. ते टाके पक्के व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, ते दिवस तू केव्हाच ओलांडलेस. ठिपके मात्र लेझरने जात नाहीत. "सहा आठवडे झाले तरी ठिपके तसेच, म्हणजे लेझर फसलं का?" असं तू विचारलंस. नाही गं. ते राहतात, आणि काही महिन्यांत मेंदू त्यांच्याकडे बघायचं सोडून देतो. पांढरी भिंत आणि दुपारचं आभाळ, तिथे तेवढे दिसतील.

घाबरायचं कधी, तेही सांगते, कारण "घाबरू नकोस" हा सल्ला मला स्वतःला कधीच उपयोगी पडला नाही. ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला, चमका अचानक वाढल्या, किंवा कुठल्याही बाजूने काळी सावली दारावरच्या पडद्यासारखी आत सरकायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्याची मीटिंग नाही, सोमवारची वाट नाही. पडदा सुटायला कडेने सुरुवात होते. मधला, वाचायचा भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर पुष्कळ वाचते. तिथे तासांना किंमत असते.

हे कळलं की तुझा पहिला प्रश्न सोपा होतो. नोकरी सोडून घरी जायचं तर जा, पण डोळ्यासाठी नको. मनीषनगरातून उज्ज्वलनगर स्टेशन गाठलं की काँग्रेसनगर मेट्रोने पाच थांबे, आणि धंतोली समोरच. तुझ्या ऑफिसच्या अंगाला, मिहानमध्येच, एम्स आहे. आता गुहागरच्या तुझ्या गावातून रेटिनाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, तेही श्रावणातल्या पावसात, ते मोजून बघ. माणसांपासून तू लांब आहेस हे खरं, पण डॉक्टरपासून जवळ आहेस.

आणि माणसांचं म्हणशील तर ती दोन खोल्यांच्या अंतरावर आहेत. लेझरच्या दिवसाबद्दल तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस चालू, दुपारचे अडीच, थेंबांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. दवाखान्यातून बाहेर पडलीस तर सगळा रस्ता पांढराशुभ्र, मोबाईलवरची अक्षरं विरघळलेली, ऑटो बोलवता येईना. दुपट्टा डोळ्यांवर ओढून कडुनिंबाखाली उभी राहिलीस, आणि रसवंतीवाल्याने हाक मारली, "काहून रडून राहिली व माय? ये, रस घे आधी." तू म्हणालीस, थेंबांमुळे पाणी येतंय. त्याने ऑटो थांबवून पत्ता समजावला, रसाचे पैसे घेतले नाहीत.

इकडे फ्लॅटमध्ये भंडाऱ्याची ती मैत्रीण त्या दिवशी वर्क फ्रॉम होम होती! तिला एक फोन केला असतास तर ती स्कूटी घेऊन वीस मिनिटांत आली असती. "कुणाला त्रास नको" म्हणून केला नाहीस. तुम्हा कोकणातल्या लोकांना संकोच भारी, आमच्याकडे न सांगितल्याचा राग येतो. ऑगस्टच्या तपासणीला तिला घेऊन जा. थेंबांचा असर चार-सहा तास राहतो, सोबत कुणीतरी हवंच. तरी कधी एकटी अडकलीस तर एक युक्ती सांगते: चष्मा काढ आणि मोबाईल नाकापुढे चार-सहा बोटांवर धर. उणे नऊच्या डोळ्याला तेवढ्यावरचं चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं, थेंब घातलेले असले तरी. आम्हा साध्या डोळ्यांच्या लोकांना ती सोय नाही.

त्या दोघींना सावलीबद्दलही सांगून ठेव. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटव: डॉक्टरांचा नंबर, रात्री किंवा रविवारी कुठे जायचं ते डॉक्टरांनाच विचारून, फाइल कुठे आहे ते, कंपनीच्या मेडिक्लेमचं कार्ड. एवढं झालं की पहारा एकट्या तुझ्यावर राहत नाही.

आता समासातला प्रश्न.

माझे वडील यवतमाळला असायचे. मी तेव्हा नागपुरात हॉस्टेलला, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. दिवाळीला घरी गेले तर आई त्यांचे शर्ट दुरुस्त करत बसलेली. तीन शर्ट, आणि तिन्ही डाव्या खांद्यावर, एकाच जागी विरलेले. मी हसले, म्हटलं, बाबा एका कुशीवर झोपतात वाटतं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्वयंपाकघरात येताना पाहिलं. दाराच्या चौकटीला डावा खांदा घासून ते आत आले आणि त्यांना पत्ताही नव्हता, कारण चौकट त्यांना दिसतच नव्हती. काचबिंदू कडेची नजर आधी खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यांना दीड वर्षापूर्वीच कळलं होतं. "तुझी परीक्षा होती," म्हणाले.

मला रडू आलं ते डोळ्याचं नव्हतं. दीड वर्ष मी दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायची आणि "सगळं ठीक" ऐकून खूश व्हायची. ते सगळे रविवार खोटे निघाले. परीक्षा पास झाले, पण त्या "ठीक"वर पुढे कितीतरी वर्षं माझा विश्वास बसला नाही. ते सर्दी म्हणाले तरी मी रात्रीची एसटी पकडायची. आणखी एक गोष्ट नंतर कळली. काचबिंदू घराण्यात चालतो, मुलांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्यायला हवा. मला ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी त्यांचं सांगावं लागलं असतं. माझा दाब वाढलेला निघाला तो पुढे, चष्म्याच्या दुकानात गेले होते तेव्हा, योगायोगाने. आता रोज रात्री थेंब घालते.

तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर धाकटा भाऊ आहे. रत्नागिरीला शिकतो, "त्यालाही सहाचा नंबर आहे," असं तू सहज लिहून गेलीस. बाई, मोठा उणे नंबर आणि पडद्याचा पातळपणा घरात चालतात. त्याने थेंब घालून पडदा तपासून घ्यायला हवा, नुसता नंबर काढून नाही. तुझ्या मामा-आत्यांपैकी कुणाचा डोळा असा अचानक गेला होता का, हे तुझ्या आईला ठाऊक असणार आणि तुझ्या डॉक्टरांना ते हवं असणार. म्हणजे गप्प बसून तू घरच्यांना जपत नाहीयेस. भावाच्या तपासणीच्या आड उभी आहेस.

लावणीचं म्हणशील तर लावणी झाली की गणपती, गणपती गेले की कापणी, मग झोडणी, मग लग्नसराई. कोकणात वाईट बातमीसाठी मोकळा आठवडा मिळाल्याचं ऐकलं नाही मी. गणपतीत सांगू नकोस, घरात पंचवीस माणसं असतील आणि पंचवीस औषधं निघतील. त्याच्या आधी सांग.

आईला नको, आधी वडिलांना. तू त्यांच्या हृदयाला भितेस, पण ज्याच्या नळीत स्टेंट बसलाय त्याला लवकर सापडणं, वेळेत दुरुस्त होणं आणि पुढची तारीख या गोष्टी तुझ्यापेक्षा बऱ्या कळतात. सकाळी फोन कर, रात्री नको. रडून झाल्यावर कर. आणि असं बोल: "बाबा, उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक होतं, ते लेझरने बुजवलं. मला सगळं दिसतंय. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. मे महिन्यात सांगितलं नाही, चुकलं. आईला तुम्ही सांगाल की मी सांगू?" चुकलं हा शब्द गाळू नकोस, त्याने अर्धा राग उतरतो. आईचा उरलेला अर्धा तू ऐकून घे. अभिषेक करू दे. खोबरेल, मध, गुलाबपाणी यातलं डोळ्यात मात्र काही घालायचं नाही, तिथे ठाम राहा. ती नागपूरला येते म्हणाली तर नाही म्हणू नकोस. कुळथाचं पीठ घेऊन येईल, खुर्चीत बसून तुझ्याकडे बघेल आणि चार दिवसांत तिला कळेल की पोरगी चालते-फिरते आहे. फोनवर ते कळत नाही.

स्थळाचं एका ओळीत: नंबर आणि लेझर दोन्ही आधी सांगायचं, चहा पिता पिता, माफी मागितल्यासारखं नाही. चष्मा घालवायचं ते वेगळं लेझर करून नंबर घालवून टाक, म्हणजे प्रश्नच मिटला, असं कुणी सुचवलं तर चष्मा जाईल पण डोळा लांबटच राहील, पडद्याची काळजी तशीच.

आणि तो पंखा. रात्रीच्या अंधारात, थकलेल्या डोळ्यांनी, फिरत्या पात्यांकडे बघून कुणालाही काहीबाही दिसेल, मला तर चष्मा लावूनही चार दिसतात. डोळे तपासायचेच असतील तर सकाळी, उजेडात, एकेक डोळा झाकून, समोरच्या कॅलेंडरकडे बघून एक मिनिट. दिवसातून एकदा. नंतर दिवसभर बंद. घरी सांगितल्यावरही पंधरा दिवसांत झोप येईना तर 14416 ला फोन कर. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. डोळ्याला डॉक्टर दाखवलास तसाच झोपेलाही दाखवायचा, त्यात काही विशेष नाही.

भावाच्या तपासणीत काय निघालं ते मला कळव. आणि ऑगस्टमध्ये धंतोलीला जाशील तेव्हा, थेंब घालायच्या आधी, त्या रसवंतीवाल्याचे पैसे देऊन टाक. पावसाळ्यात त्याचा धंदा बसतो, त्या महिन्यात तिथे बहुतेक भुट्टे भाजत असेल.