मॉड्यूल काढलं तरी रॅम परत का येत नाही?

अंधेरी एमआयडीसीतल्या टेस्ट मशीनवर तुमचं लिनक्स ड्रायव्हर मॉड्यूल घालत-काढत राहिलं की रॅम घटत जाते आणि आरएमएमॉड (मॉड्यूल काढायची कमांड) दिल्यावरही परत येत नाही, म्हणता. येणारच नाही. साधा प्रोग्रॅम मेला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याची मेमरी आवरून घेतो. पण मॉड्यूल कर्नलचाच भाग असतं; त्यात केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) घेतलेली मेमरी तुम्ही सोडली नाहीत, तर रीबूटपर्यंत तशीच पडून राहते.

आधी मेमइन्फो या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फाइलमध्ये एसअनरिक्लेमचा (कर्नलने घेतलेली, आपोआप परत न मिळणारी मेमरी) आकडा चढतोय का बघा. चढत असेल तर केमेमलीक (हरवलेली कर्नल मेमरी शोधणारं साधन) चालू ठेवून कर्नल बिल्ड करा, डीबगएफएस या डीबगिंगच्या फाइलसिस्टिममधल्या केमेमलीक फाइलमध्ये 'स्कॅन' लिहा आणि तीच फाइल वाचा. हरवलेला ब्लॉक कोणी घेतला त्याचा स्टॅक ट्रेस, म्हणजे फंक्शन कॉल्सची साखळी, मिळतो. (आपोआप स्कॅन १० मिनिटांनी होतो, पण तेवढा धीर कुणाला?)

माझा पहिला संशय प्रोबवर, म्हणजे डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनवर. दोन बफर घेतले, मग आयआरक्यू (डिव्हाइसची इंटरप्ट लाइन) मागितला, तो मिळाला नाही आणि थेट रिटर्न: दोन्ही बफर गेले! तिथे गोटू लावून सफाईच्या ओळींवर उडी मारा आणि घेतल्याच्या उलट्या क्रमाने सोडा. नाहीतर सरळ डेव्हएम_केझॅलॉक वापरा, ते मेमरी डिव्हाइसला बांधून देतं. प्रोब फसला किंवा डिव्हाइस सुटलं की ती मेमरी आपोआप मोकळी होते. ओपनमध्ये (डिव्हाइसची फाइल उघडताना चालणारं फंक्शन) मात्र ते नको, फाइल बंद केल्यावरही मेमरी अडकून राहील. तिथे साधा केमॅलॉक, आणि रिलीजमध्ये (फाइल बंद होताना चालणारं फंक्शन) ती मेमरी सोडायला केफ्री.