निकेल, डाइम आणि पाव डॉलर : अमेरिकी चिल्लर मराठीत कशी आणावी?

प्रश्न असा आहे : 1950 च्या आगेमागे शिकागो-न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या काही अमेरिकी कथांचे मराठी भाषांतर करताना 'निकेल', 'डाइम' आणि 'क्वार्टर' हे शब्द पानोपानी भेटतात. त्यांच्या जागी 'आणा', 'चवली', 'पावली' हे आपले जुने शब्द घालावेत, 'पाच सेंट', 'दहा सेंट' असे आकडे द्यावेत, की मूळ शब्द तसेच ठेवावेत? शिवाय 'फाइव्ह अँड डाइम' हे दुकान कसले आणि 'प्लग्ड निकेल' म्हणजे काय, हेही विचारले आहे.

माझे मत असे की निकेल आणि डाइम हे शब्द तसेच ठेवावेत, क्वार्टर हा शब्द मात्र ठेवू नये, आणि वाक्प्रचारांत आले की तिन्हींना रजा देऊन मराठी वाक्प्रचार वापरावा. हा भेद वरवर मनमानी वाटेल, म्हणून कारणे सविस्तर देतो.

निकेल हे पाच सेंटांचे नाणे आहे. नाव धातूवरून पडले असले तरी त्यात तीन भाग तांबे आणि एकच भाग निकेल असते. 1857 पासून काही वर्षे निघालेल्या तांबे-निकेलच्या एका सेंटालाही लोक याच नावाने ओळखत; 1866 मध्ये याच धातूंचे पाच सेंटांचे नाणे आले आणि हे नाव त्याच्याकडे गेले. त्याआधीपासून चालत असलेले पाच सेंटांचे चांदीचे 'हाफ डाइम' 1873 पर्यंत पाडले जात होते. म्हणजे पाच सेंट ही रक्कम होतीच. 'निकेल' या शब्दाने त्या रकमेपेक्षा एका विशिष्ट वस्तूचा बोध होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडे निघालेल्या पैशाला लोक 'भोकाचा पैसा' म्हणत, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांसमोर हिशेबापेक्षा नाणेच असे.

डाइमचे तर त्याहून गमतीचे आहे. हा शब्द लॅटिनमधल्या 'दशांश' अशा अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला, आणि 1946 पासूनच्या रूझवेल्ट यांच्या मुद्रेच्या नाण्यावर 'दहा सेंट' असे कुठेही लिहिलेले नसून केवळ 'एक डाइम' असे लिहिलेले असते. रूझवेल्ट यांची मुद्रा याच नाण्यावर यावी यालाही कारण होते : पोलिओविरोधी कार्यासाठी लोकांनी एकेक डाइम पाठवावे, अशी मोहीम 1938 पासून त्यांच्या नावाशी जोडलेली होती. 1964 पर्यंत डाइम नव्वद टक्के चांदीचे असे, आणि म्हणूनच किमतीने दुप्पट असूनही ते निकेलपेक्षा आकाराने लहान, किंबहुना अमेरिकी चलनातील सर्वांत लहान नाणे आहे. मोठे दिसते म्हणून डाइमच्या बदल्यात निकेल घेणारे पोर हा तिकडचा जुना विनोद आहे. 'त्याने दहा सेंट देऊन पाच सेंट घेतले' असे भाषांतर केले, तर पोर नुसते मूर्ख ठरते आणि विनोद हरवतो.

मात्र मूळ शब्द ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण वेगळेच आहे, आणि ते त्या काळच्या रोजच्या जीवनातले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी शहरातला कितीतरी व्यवहार खाचेत नाणे टाकून चाले, आणि खाच निकेलच्या मापाची असे. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली तेव्हा भाडे एक निकेल होते आणि 1948 च्या जूनअखेरपर्यंत ते तेवढेच राहिले. ओक्लाहोमा सिटीत 1935 मध्ये पार्किंगचे पहिले मीटर लागले, तेही तासाला एक निकेल मागत होते. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातील हॉर्न अँड हार्डार्ट यांच्या ऑटोमॅट खाणावळीत भिंतीतल्या काचेच्या कप्प्यांमागे पदार्थ मांडलेले असत. खाचेत निकेल टाकून मूठ फिरवली की कप्पा उघडे, आणि कॉफी डॉल्फिनच्या तोंडाच्या तोटीतून कपात पडे. तिथे नोट मोडून देणाऱ्या बायका न मोजता केवळ बोटांच्या अंदाजाने निकेल पुढे सरकवत, आणि त्यांचे टोपणनावच 'निकेल फेकणाऱ्या' असे पडले होते. हे टोपणनाव 'पाच सेंट फेकणाऱ्या' असे करून पाहावे. काय बिघडते ते लगेच कळेल.

कोका-कोलाची गोष्ट याहून लांब आहे. 1886 मध्ये अटलांटात पेल्याला पाच सेंट असलेली किंमत जवळजवळ सत्तर वर्षे हलली नाही. बाटल्या भरणाऱ्यांशी 1899 मध्ये झालेल्या करारात पाकाचा भाव कायमचा बांधून दिलेला होता, ते एक कारण झाले. पण पुढे मोठी अडचण झाली ती विक्रीयंत्रांची. निकेल घेणाऱ्या यंत्राला सहा सेंट घ्यायला शिकवणे अवघड, आणि निकेलनंतरचे नाणे थेट डाइम, म्हणजे भाव एकदम दुप्पट. हा पेच इतका खरा होता की कंपनीचे सर्वेसर्वा रॉबर्ट वुड्रफ यांनी 1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटांचे नवे नाणे पाडण्याची विनंती केली. दोघे मित्र होते, तरी ते नाणे काही निघाले नाही, आणि 1959 पर्यंत निकेलची कोकची बाटली अमेरिकेतून नाहीशी झाली. हर्शेच्या चॉकलेटने दुसरी वाट धरली : किंमत 1969 पर्यंत निकेलच राहिली, वडीचे वजन मात्र बदलत राहिले.

या इतिहासाचा भाषांतरकाराला थेट उपयोग आहे, कारण 1950 च्या आसपास निकेलचे हे राज्य डाइमकडे गेले. भुयारी रेल्वेचे भाडे 1948 मध्ये डाइम झाले. 1953 मध्ये ते पंधरा सेंट झाले, तेव्हा फिरत्या फाटकांना दोन नाणी घेणे जमेना म्हणून रेल्वेला स्वतःचे टोकन काढावे लागले. ऑटोमॅटची कॉफी 1950 मध्ये, तर न्यूयॉर्कचा सार्वजनिक फोन 1951 मध्ये डाइमवर गेला. त्यामुळे 1955 च्या कथेतला म्हातारा 'निकेलच्या कॉफी'ची आठवण काढतो, तेव्हा तो भाव सांगत नसून गेलेल्या काळाविषयी बोलत असतो. चिल्लरीच्या शब्दांवरून प्रसंगाचा काळ ओळखता येतो, आणि सगळे आकड्यांत सपाट केले की ही खूण पुसली जाते.

आता आण्यांचा विचार करू. 1949 च्या अवमूल्यनानंतर 1966 पर्यंत डॉलरचा भाव सुमारे 4 रुपये 76 पैसे होता. त्या हिशेबाने निकेल चोवीस पैशांच्या आत, म्हणजे चार आण्यांना थोडे कमी पडते. सरकारी दराने पाहिले तर निकेल म्हणजे जवळजवळ पावली. पण पावली म्हणजे रुपयाचा चौथा हिस्सा, आणि डॉलरचा चौथा हिस्सा तर क्वार्टर! दराने जावे तर पावली निकेलला लागते, अर्थाने जावे तर क्वार्टरला; आणि कसेही गेले तरी शिकागोच्या रस्त्यावर पावली खुळखुळू लागली की वाचक गिरगावात येऊन पोहोचतो. शिवाय खुद्द आपल्याकडे 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आल्यावर आण्यांचा हिशेब मागे पडत गेला, तेव्हा आजच्या तरुण वाचकाला चवली आणि निकेल दोन्ही सारखेच परके आहेत. रकमेचे वजन सांगायचेच असेल तर मजुरीचा आधार घ्यावा. जानेवारी 1950 पासून अमेरिकेत कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला 75 सेंट होते, म्हणजे निकेल ही चार मिनिटांची कमाई झाली. त्याच सुमारास साध्या पत्राचे तिकीट तीन सेंटांना, मुलांचे कॉमिक बुक डाइमला, आणि कॅलिफोर्नियातील मॅकडॉनल्ड बंधूंच्या दुकानातले हॅम्बर्गर पंधरा सेंटांना मिळे. यातली एखादी नोंद भाषांतराच्या प्रस्तावनेत दिली की पुरे; पानोपानी टिपा नकोत.

क्वार्टर न ठेवण्याचे कारण मात्र निखळ मराठी आहे. 'त्याने खिशातून क्वार्टर काढली' हे वाक्य महाराष्ट्रात कुणीही वाचले, तरी त्याला 180 मिलिलिटरची बाटलीच दिसणार, आणि फारच सोवळा वाचक असला तर सरकारी निवासस्थान आठवणार. तेव्हा 'पाव डॉलर' म्हणावे. तो शब्द अर्थाला नेमका आहे, कानाला परका नाही, आणि मूळ शब्दातला 'चौथा हिस्सा' हा भावही त्यात शाबूत राहतो.

'फाइव्ह अँड डाइम' म्हणजे पाच किंवा दहा सेंटांना वस्तू मिळणारे दुकान. फ्रँक वुलवर्थ यांनी 1879 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे पाच सेंटांचे दुकान काढले, ते चालले नाही. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरमध्ये काढलेले चालले, आणि त्यातून देशभर शाखा झाल्या. 1930 च्या दशकात वरच्या किमतीची मर्यादा आधी वीस सेंट झाली आणि मग उठलीच, पण नाव जुनेच राहिले. सुया, रिबिनी, खेळणी, पावडरीचे डबे यांच्याबरोबर तिथे उंच स्टुलांची एक लांबलचक जेवणाची फळीही असे. नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या अशाच फळीवर बसून राहिले, ती फळी वुलवर्थच्याच दुकानातली. म्हणून या शब्दासाठी 'हर माल' हा सोयीचा पर्याय घेऊ नये : त्याने फुटपाथवरची गाडी डोळ्यांपुढे येते, आणि हे तर गावाच्या मुख्य रस्त्यावरचे, लोकांच्या नित्य राबत्याचे दुकान होते. 'पाच-दहा सेंटांचे दुकान' हे थोडे लांब असले तरी बरोबर आहे.

वाक्प्रचारांत मात्र नाणी दिसू देण्याची गरज नाही, कारण तिथे बोलणाऱ्याच्या मनातही नाणे नसते. मराठी याबाबतीत चांगलीच श्रीमंत आहे. 'प्लग्ड निकेल' म्हणजे भोक पाडून धातू काढून घेतलेले आणि ते भोक हलक्या धातूने बुजवलेले नाणे. त्याच्याही मोलाचे नाही म्हणजे 'फुटक्या कवडीच्या मोलाचे नाही'. 'डझनाला एक डाइम' याला आपल्याकडे 'पैशाला पासरी' आहे. 'टू-बिट' माणूस म्हणजे 'दीडदमडीचा' माणूस. त्यातल्या 'बिट'चा उगम स्पॅनिश डॉलरमध्ये आहे : त्या डॉलरचे आठ भाग मानत, त्यामुळे एक बिट साडेबारा सेंटांचा, आणि दोन बिट म्हणजे पुन्हा आपला पाव डॉलर. 'लाकडी निकेल घेऊ नकोस' हा निरोप देताना केलेला थट्टेचा उपदेश आहे. तिथे 'कुणाच्या थापांना भुलू नकोस' असे सरळ लिहावे. 'निकेल-अँड-डाइम' हे क्रियापद म्हणून येते तेव्हा 'चिल्लर उकळत उकळत नागवणे' असा काहीसा अर्थ होतो. याला एका शब्दाचा मराठी पर्याय मला समाधानकारक वाटलेला नाही, तेव्हा वाक्यागणिक जुळवून घ्यावे.

गुन्हेगारी कथांत आणखी एक सावधगिरी हवी. तिथे एखाद्याने 'निकेल काढले' असे आले, तर तो खिशात हात घालत असेलच असे नाही. तुरुंगाच्या बोलीत निकेल म्हणजे पाच वर्षांची आणि डाइम म्हणजे दहा वर्षांची शिक्षा. आणि कुणी कुणावर 'डाइम टाकले' असे म्हटले, तर त्याने सार्वजनिक फोनवरून पोलिसांना खबर दिली असे समजावे. हा प्रयोग फोनचा भाव डाइम झाल्यावरच जन्मू शकला असता, हे वर सांगितलेल्या सालांवरून ध्यानात येईल.

व्याकरणाचे म्हणाल, तर दोन्ही शब्द 'नाणे' या शब्दाच्या अनुरोधाने नपुंसकलिंगी चालवावेत : ते निकेल, ते डाइम. अनेकवचनात रूप बदलू नये. 'निकेले' किंवा 'डाइम्स' यांपेक्षा 'तीन निकेल', 'दोन डाइम' हे स्वाभाविक वाटते, जसे आपण 'पाच डॉलर' म्हणतो. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'पाच सेंटांचे निकेल' असे एकदा वाक्यातच सांगून टाकले, की पुढे वेगळ्या खुलाशाची गरज उरत नाही.