वाचकांचे प्रश्न: पॅड बाहेरचे चालतील, सेन्सर मात्र हवाच

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बाणेरला राहतो. २०११ सालची पोर्शे बॉक्स्टर सेकंडहँड घेतली आहे. ऑफिसला दुसरी गाडी नेतो, ही सुटीच्या दिवशी बाहेर निघते. कधी ताम्हिणी, कधी वाईवरून पसरणी घाटाने पाचगणी. परवा डॅशबोर्डवर ब्रेक पॅड झिजल्याची सूचना आली. कंपनीच्या पॅडची किंमत ऐकून बाहेरचे पॅड शोधायला लागलो. एका नावाजलेल्या कंपनीचे ट्रॅकसाठीचे पॅड मिळताहेत, पण त्यांना सेन्सर बसवायला जागाच नाही. ओळखीचे गॅरेजवाले म्हणतात, ‘सेन्सर कापून दोन वायरी जोडून टाकू, दिवा परत लागणार नाही. पॅड काय, डोळ्यांनी बघता येतात.’ मनाला पटत नाही, पण नाही म्हणायला कारणही सुचत नाही. काय करू?
(एक वाचक, बाणेर)

उत्तर: नाहीच म्हणा. कारणं मी देते.

तुमच्या गाडीतला सेन्सर अगदी साधा असतो. प्लॅस्टिकच्या छोट्या टोपणात तांब्याच्या तारेचा एक वळसा. ते टोपण पॅडच्या लोखंडी पाठीतल्या खाचेत बसतं. पॅड झिजत झिजत दोन-अडीच मिलिमीटरवर आला की डिस्क त्या टोपणाला घासायला लागते, तार तुटते, सर्किट उघडं पडतं आणि दिवा लागतो. त्यात कॉम्प्युटरचा अंदाज नाही, किलोमीटरचा हिशोब नाही. वायरी एकमेकींना जोडल्या की सर्किट कायमचं पूर्ण राहतं. मग पॅड नवा असो की लोखंडापर्यंत झिजलेला, गाडीला दोन्ही सारखेच.

आता ‘डोळ्यांनी बघता येतात’ या म्हणण्याबद्दल. चाकाच्या काड्यांमधून दिसतो तो डिस्कच्या बाहेरच्या बाजूचा पॅड. आतला पॅड डिस्कच्या पलीकडे असतो, चाक काढल्याशिवाय तो नीट दिसत नाही. पॅडला डिस्कवर दाबणारा एखादा पिस्टन धुळीने आणि चिखलाने जड झाला, मागे सरायला आळस करू लागला, तर आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजत नाहीत. बाहेरून पाच मिलिमीटर शिल्लक दिसतात आणि आत पत्रा घासायची वेळ आलेली असते. तुमच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या सेन्सरला दोन टोकं आहेत, एक आतल्या पॅडला आणि एक बाहेरच्या. गाडी बनवणाऱ्यांनी जे दोन्हीकडे बघायची सोय केली, ते आपण एका चिकटपट्टीने बंद का करायचं?

आणि घाटात जाणाऱ्या माणसासाठी अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पॅडचं मटेरियल डिस्कची उष्णता पिस्टनकडे जाण्यापासून अडवतं. पॅड पातळ झाला की ही आडकाठीही पातळ होते, उष्णता थेट ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ठरलेल्या प्रमाणात पाणी मुरल्यावरचा किमान आकडा १५५ आहे. पाचगणीहून वाईला उतरताना वळणावळणावर ब्रेक दाबत आलात, पॅड पातळ आहेत आणि ऑइल चार वर्षांचं आहे, तर कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणाऱ्या भागात, ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून पॅड बदलताना ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधून काढा. सेकंडहँड गाडीत मागच्या मालकाची नोंद सापडत नसेल तर बदलूनच टाका, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला.

हे झालं. पण पॅड मागवण्याआधी एक तपासणी करा. दिवा लागला म्हणजे पॅड संपलेच असं पुण्यात तरी धरून चालू नका. बेसमेंट पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, आणि सेन्सरची वायर बारीक असते. पावसाळ्यात ताम्हिणीचा लाल चिखल कनेक्टरमध्ये बसतो, पिना हिरव्या पडतात. गाडीला कळतं ते एवढंच की सर्किट तुटलं. कुठे आणि कशाने, ते तिला माहीत नसतं. शिवाय या गाडीत दिवा कोणतं चाक ते सांगत नाही. चारही चाकं काढा, आठही पॅड मोजा, मग मीटर लावून प्रत्येक सेन्सर बघा. पॅड सहा-सात मिलिमीटर निघाले तर बिघाड वायरीचा आहे आणि तुमचे बरेच पैसे वाचले.

पॅड खरंच संपले असतील तर बाहेरचे घ्यायला माझी काहीच हरकत नाही. टेक्स्टार, पॅगिड, ब्रेम्बो, फेरोडो यांचे रस्त्यावरचे पॅड चांगले असतात. टेक्स्टार तर युरोपातल्या गाड्यांच्या कारखान्यांनाच पॅड पुरवते. मागवताना तीन गोष्टी बघा. पहिली, कॅलिपरचा रंग. साध्या बॉक्स्टरचे काळे असतात, ‘बॉक्स्टर एस’ या मॉडेलचे लाल. साधीची पुढची डिस्क २९८ मिलिमीटरची, एसची ३१८, त्यामुळे पॅड वेगळे. पिवळे कॅलिपर असतील तर डिस्क सिरॅमिकच्या आहेत, तिथे साधे पॅड मुळीच लावायचे नाहीत. मात्र काही हौशी लोक कॅलिपर रंगवून घेतात, म्हणून सेकंडहँड गाडीत रंगावर थांबू नका, चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. दुसरी, पॅडच्या पाठीवरची युरोपीय मंजुरीची खूण: वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि जवळ आर ९०. या नियमानुसार पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडेच असावी लागते. एबीएस आणि तुमच्या गाडीतलं पीएसएम, म्हणजे गाडी घसरू न देणारी पोर्शेची यंत्रणा, मूळ पकड गृहीत धरून बसवलेलं आहे, म्हणून मी या खुणेला मान देते. आणि तिसरी अर्थातच सेन्सरची खाच. नाना पेठेत आपल्या नेहमीच्या गाड्यांचे पॅड उभ्या उभ्या मिळतात, हे मात्र मागवावे लागतील. दुकानदाराकडून पॅडच्या पाठीचा फोटो मागा. खाच फोटोत दिसते.

ट्रॅकचे पॅड तुमच्यासाठी नाहीत. त्यातले बरेचसे दोनशे अंशांच्या पुढे खरी पकड धरतात. जुलैतल्या सकाळी बाणेरहून निघालात, पहिल्याच चौकात रिक्षा आडवी आली, तेव्हा तुमची डिस्क गार आणि ओली असते. तिथे पहिल्या दाबाला पकडणारा पॅड हवा. शिवाय ते कर्कश वाजतात, डिस्क लवकर खातात आणि चाकांवर काळी धूळ बसवतात. घाटासाठी चांगला रस्त्यावरचा पॅड, ताजं ऑइल आणि उतरताना खालचा गिअर, एवढं पुरतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा एसटीच्या ड्रायव्हरांचा जुना नियम स्पोर्ट्स कारलाही तेवढाच लागू आहे.

आता बसवण्याबद्दल, कारण सेन्सरची बहुतेक नासाडी तिथेच होते. या गाडीचा कॅलिपर फिक्स्ड आहे, म्हणजे जागेवर पक्का, न सरकणारा. कॉटर काढला, पिन ठोकून बाहेर काढली, स्प्रिंग सुटली की पॅड वरून निघतात, कॅलिपर खोलावा लागत नाही. त्याआधी पुढच्या डिकीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीतून थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या, नाहीतर पिस्टन मागे ढकलताना ते वर येऊन सांडतं आणि रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पॅडच्या पाठीला आवाज मारणाऱ्या चकत्या असतात, त्यांच्या पाकळ्या पिस्टनमध्ये अडकलेल्या असतात. आधी पातळ पात्याने त्या सोडवा. नव्या पॅडबरोबर त्या आल्या नसतील तर वेगळ्या मागवा.

जुना सेन्सर काढला की हातात घेऊन उजेडात बघा. टोपणाचं टोक तासल्यासारखं सपाट झालेलं असेल आणि मध्ये तांब्याचे दोन चकचकीत ठिपके दिसत असतील, तर त्याने त्याचं काम केलं आहे. तो टाकून द्या, नवा लावा. टोक अखंड असेल तर परत वापरता येतो, पण वायर बोटावर हलकेच वाकवून पाहा. वर्षानुवर्षं तापून तिचं वरचं आवरण बिस्किटासारखं कुरकुरीत होतं आणि वाकवताच तडा जातो. पॅडच्या किमतीपुढे सेन्सरची किंमत काहीच नाही, म्हणून माझ्या गॅरेजमध्ये या वयाच्या गाडीला आम्ही नवेच लावतो. बाहेरच्या कंपनीच्या पॅडच्या खाचेत कधी कधी रंगाचा थर साचलेला असतो. तिथे सेन्सर पक्कडीने दाबून बसवायचा नाही, टोपण फुटतं. बारीक कानशीने खाच साफ करा, सेन्सर बोटाने सरकला पाहिजे. वायर तिच्या क्लिपांमध्येच बसवा, मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती टायरला किंवा रिमला लागत नाही ना ते बघा.

चाकाचे बोल्ट १३० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरून गाडी पार्किंगमधून बाहेर काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही आणि समोर सोसायटीचं गेट असतं. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे मोकळा, सपाट रस्ता गाठा. ८० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, अर्धा-एक मिनिट चालवून पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा करा. पॅडच्या डबीत कंपनीची वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. शेवटी ब्रेक न लावता थोडं अंतर चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. आणि हे काम घाटात करायचं नाही.

तुमच्या गॅरेजवाल्यांना हे पत्र दाखवलंत तरी चालेल. ते हे काम नीट करू शकतील, फक्त वायर कापू देऊ नका.

प्रश्न: माझ्या मुलीकडे बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे. पुढचे पॅड बदलले, तरी गाडी ब्रेकचे उरलेले किलोमीटर जुनेच दाखवते. पॅड चुकीचे बसले आहेत का?
(एक वडील, सहकारनगर)

उत्तर: काका, पॅड बहुधा बरोबर आहेत. तुमच्या मुलीच्या गाडीचा सेन्सर दोन टप्प्यांचा आहे. पॅड काही प्रमाणात झिजला की पहिला टप्पा तुटतो, तिथून गाडी पुढचे किलोमीटर मोजू लागते. दुसरा टप्पा तुटला की ताबडतोब बदला असं सांगते. तो हिशोब पॅड बदलल्याने आपोआप पुसला जात नाही. सेन्सर नवा लावून सर्व्हिस मेनूतून पुढच्या ब्रेकची नोंद रिसेट करावी लागते. आधीच तुटलेला सेन्सर तसाच ठेवला असेल तर गाडी रिसेट स्वीकारत नाही, आणि तिने स्वीकारूही नये.

एक मात्र मुलीला जरूर सांगा. या गाडीत सेन्सर दोनच, पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला. उरलेल्या दोन चाकांबद्दल गाडीला काहीच कळत नाही. सर्व्हिसच्या वेळी ती दोन चाकं आवर्जून काढायला सांगा.

प्रश्न: पावसाळ्यात गाडी दोन आठवडे कव्हरखाली उभी होती. काढली तेव्हा ब्रेक लावताना खरखर आवाज आला. सेन्सर घासतोय का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: नाही. डिस्क ओतीव लोखंडाची असते, दमट हवेत तिच्यावर एका रात्रीतही तांबूस गंज धरतो. चार-सहा ब्रेकमध्ये तो घासून निघतो. त्यानंतरही आवाज राहिला, किंवा ब्रेक न लावताही येत राहिला, तर चाक काढून पॅड आणि पिना बघून घ्या. यापुढे गाडी धुतल्यावर लगेच कव्हर घालू नका, एक चक्कर मारून डिस्क सुकवा. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडून द्या. दमट हवेत हँडब्रेकचे लायनर आत चिकटून बसतात.