सुनेच्या पणजोबांचा शोध

प्रश्न : माझी सून अमेरिकेतल्या आयोवाची. तिचे पणजोबा तिथे शेतकरी होते, एवढंच ठाऊक आहे. त्यांच्या आईवडिलांची नावं कुणालाच सांगता येत नाहीत. नातवासाठी मला ती हवीत. इथे बसून काय करता येईल?
— एक आजी, शहापूर, बेळगाव

उत्तर : आजी, नातवाच्या आईकडचं कूळही तुम्ही शोधताय, फार बरं वाटलं. पुष्कळ करता येईल.

अमेरिकेत दर 10 वर्षांनी जनगणना होते आणि 72 वर्षांनी तिच्या नावनिशीवार याद्या खुल्या होतात. 1950 ची 2022 मध्ये खुली झाली. तिथून मागे मागे जा. 1890 ची यादी जवळजवळ सगळी गेली, 1921 मध्ये आग लागली होती. पण 1900 ची आहे. तिच्यात प्रत्येकाच्या जन्माचा महिना आणि साल आहे. आईच्या नावापुढे किती मुलं झाली, किती हयात, हेही आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचताना गलबलून येतं.

तुमचं खरं काम मात्र आयोवा राज्याच्या स्वतःच्या 1925 च्या गणतीत होईल. तीत प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं विचारली होती, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. आपल्या वंशावळींतून बायका गळून जातात. इथे पणजोबांची आई सापडेल.

आधी सुनेकडून त्यांची काउंटी, म्हणजे जिल्हा, विचारून घ्या. एकाच नावाचे शेतकरी तिथेही खूप असतात.