रॅली झाली, आता ग्रुपने करायचं काय?

प्रश्न: शिक्षक, पालक, दोन डॉक्टर आणि एक पोलीस अधिकारी असा आमचा ग्रुप आहे, मुलं व्यसनाकडं वळू नयेत म्हणून. व्याख्यानं झाली, रॅली झाली. आता एक जण म्हणतोय की पुरावा असलेलाच तयार प्रोग्राम घ्या. मग ग्रुपला काम काय उरलं? - एक पालक

उत्तर: उरलं काय म्हणताय, खरं काम तर आत्ता सुरू होणार! रॅलीत फोटो छान येतात हो, पण त्यानं एखाद्या पोराची पहिली सिगरेट लांबली का हे कुणी मोजत नाही. अमेरिकेत डेअर नावाचा प्रोग्राम १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन ड्रग्जबद्दल शिकवायचे, देशभर पसरला, पालक खूश, शाळा खूश, आणि नंतर अभ्यास झाले तर मुलांच्या वागण्यात फारसा फरकच नाही. तेव्हा पुरावा मागणाऱ्यावर वैतागू नका.

अमेरिकेतल्याच हॉकिन्स आणि कॅटलानो या संशोधकांची 'कम्युनिटीज दॅट केअर' म्हणून पद्धत आहे. त्यात ग्रुप आधी मुलांचा निनावी सर्व्हे बघतो, म्हणजे नेमकं कुठं दुखतंय ते कळतं, घरात लक्ष कमी पडतंय का, दारू सहज मिळते का, की शाळेतच मन लागत नाही. त्यातले दोन-चार मुद्दे धरायचे आणि त्यावर आधीच तपासून झालेला प्रोग्राम निवडायचा, बस. २००३ पासून ७ राज्यांतल्या २४ गावांत याची चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी गावं निवडून त्यांतच ही पद्धत वापरली, आणि पाचवीतली पोरं आठवीत गेली तोवर या गावांत दारू-सिगरेट सुरू करण्याचं प्रमाण बाकीच्या गावांपेक्षा जवळपास एक तृतीयांशानं कमी होतं.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे प्रोग्राम आहे तसाच होतोय ना ते बघणं. परीक्षा आल्या म्हणून १२ तासांचे ५ केले, रोल-प्ले गाळून नुसतं भाषण ठोकलं, आणि मग म्हणायचं आमच्याकडं चाललाच नाही! कुणीतरी मागच्या बाकावर बसून टिपणं घ्यायला हवीत. तुमच्या डॉक्टरांना हे काम द्या (व्याख्यान नाही म्हणून थोडे रुसतील). पैसे उभे करणं, मुख्याध्यापक बदलले की नव्यांना सगळं पहिल्यापासून समजावणं, हेही ग्रुपचंच. आणि दोन वर्षांनी सर्व्हे परत घ्याल तेव्हा प्रश्न तेच ठेवा, शब्दसुद्धा बदलू नका, नाहीतर आधीच्या आकड्यांशी तुलनाच होणार नाही.