पोळ्यापासून दिवस मोज

चि. डॉक्टर मुलीस,
अनेक आशीर्वाद.

आतड्याच्या कर्करोगावर प्रबंध करायचं ठरवलंस, आनंद झाला. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावण्याचा, विषय तुला खुणावतोय, तेही समजतं. 2022 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी गुदाशयाच्या गाठीच्या 12 रुग्णांना नुसतं डोस्टार्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ विरघळली. ना ऑपरेशन, ना रेडिएशनचा शेक. मी तो शोधनिबंध रात्री दोनदा वाचला होता. पण त्या सगळ्या गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. गुदाशयाच्या शंभर गाठींत अशा पाच-दहाच निघतात. त्या ओळखायच्या तर बायोप्सी नीट हवी: तुकडा काढल्याबरोबर तो टिकवणाऱ्या 10 टक्के फॉर्मलिनच्या द्रावणात, तेही तुकड्याच्या दहापट. तेवढं आजपासूनच पाळ.

प्रबंधाला मात्र मी वेगळा विषय सुचवतो. रुग्ण उशिरा येतो असं आपण म्हणतो. तो उशीर नेमका कुठं होतो ते शोध.

मी शिकाऊ असताना धारूरकडचा एक ऊसतोड कामगार ओपीडीत आला. पंचेचाळिशीचा. ‘रगत पडतंय’ म्हणाला. गर्दी होती, मी मूळव्याधीचं मलम लिहून दिलं. पीआर, म्हणजे गुदद्वारात बोट घालून तपासणी, केली नाही. तो टोळीबरोबर कारखान्यावर गेला आणि उन्हाळ्यात आतडं बंद होऊन परत आला. गाठ बोटाला लागत होती. पहिल्या दिवशीही लागली असती. ते बोट न घातल्याचं ओझं मी अजून वागवतो.

म्हणून पहिलं रक्त ते पहिली पीआर, तिथून बायोप्सी, रिपोर्ट, पहिला उपचार, असे दिवस वेगवेगळे मोज. तारीख विचारशील तर कुणी सांगणार नाही. ‘पोळ्याच्या आधी की नंतर? महालक्ष्म्या बसल्या होत्या का? टोळी निघाली होती का?’ असं विचार, बरोबर आठवतं. सोबत आलेल्या बाईलाही विचार. बहुतेक वेळा तिलाच सगळं ठाऊक असतं. मधे कुणाकुणाकडं दाखवलं, तेही लिही, पण दोष देण्याच्या सुरात नको, नाहीतर माणूस बोलायचा थांबतो. जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणायला गावी गेलेला नातेवाईक किती दिवसांनी परतला, हाही उशीरच. त्याचा वेगळा रकाना कर. वय झालेल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलं असेल आणि त्याला नुसत्या लोहाच्या गोळ्या मिळाल्या असतील, तर तीही नोंद सोडू नकोस. उजव्या बाजूच्या गाठी बऱ्याचदा अशाच झिरपत राहतात, डोळ्यांना रक्त दिसतच नाही.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. एकदा निघाल्या की तुझे निम्मे रुग्ण मार्चपर्यंत भेटणार नाहीत. त्याआधी प्रश्नावली तयार करून मला पाठव. मुकादमाचा फोन नंबर लिहायला त्यात एक ओळ ठेव.

तुझा,
सर