‘स्ट्राइक बॅक’मध्ये गोळीबाराशिवाय आहे तरी काय?

तुमचा प्रश्न असा, की ‘स्ट्राइक बॅक’चे दोन-तीन भाग पाहिले, गोळीबार, स्फोट, पुन्हा गोळीबार एवढंच दिसलं, मग लोक या मालिकेवर एवढे फिदा का आहेत? तुम्हाला दिसलं ते बरोबरच दिसलं. गोळीबार आहे, आणि चिक्कार आहे. फक्त तो कसा केलाय ते पुन्हा एकदा नीट बघा. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटनच्या लष्करी गुप्तचर खात्यात ‘सेक्शन 20’ नावाची एक काल्पनिक तुकडी आहे. दहशतवाद्यांचा माग काढायचा आणि वेळ आली तर जागेवरच निकाल लावायचा, हे तिचं काम. 2011 पासून या तुकडीची मुख्य जोडी म्हणजे ब्रिटिश सार्जंट मायकल स्टोनब्रिज आणि डेल्टा फोर्स या अमेरिकी लष्कराच्या खास कमांडो तुकडीतून बेअब्रू करून हाकललेला डेमियन स्कॉट. (गंमत म्हणजे ब्रिटिश स्टोनब्रिज झालेला फिलिप विंचेस्टर अमेरिकन आहे आणि अमेरिकन स्कॉट झालेला सलिव्हन स्टेपलटन ऑस्ट्रेलियन. उच्चारात काही खटकत नाही, निदान माझ्या कानाला तरी.)

आता गोळीबाराकडे वळू. पडद्यावरच्या बंदुकीतल्या गोळ्या कधी संपत नाहीत, याची आपल्याला सवय झालेली आहे. इथे त्या संपतात, आणि भलत्या वेळी संपतात. रायफल रिकामी झाली की ती पट्ट्यावर तशीच लोंबकळत सोडायची, पिस्तूल काढून समोरच्याचा बंदोबस्त करायचा आणि आडोसा मिळाल्यावर मॅगझिन बदलायचं, हा क्रम ही दोघं इतक्यांदा करतात की नंतर नंतर आपणच मनात गोळ्या मोजायला लागतो. एकाची रायफल थांबली की दुसऱ्याच्या फैरी सुरू होतात. गोळी झाडायची नसते तेव्हा बोट चापावर नसतं, बाजूला सरळ असतं.

खोलीत शिरण्याचे प्रसंग तर मी मागे नेऊन पुन्हा बघतो. दार ही सगळ्यात वाईट जागा, कारण आतल्याने नेम तिथेच धरलेला असतो. म्हणून दारात रेंगाळायचं नाही. पहिला आत जाऊन एका कोपऱ्याकडे वळतो, दुसरा त्याच्या पाठीला लागून येतो आणि विरुद्ध कोपरा धरतो. यात कोणीही दुसऱ्याकडे वळून बघत नाही. आपल्या पाठीमागे काय आहे ते आपण बघायचं नाही, ते त्याचं काम. या दोघांचा एकमेकांवर किती भरवसा आहे हे सांगायला दुसऱ्या एखाद्या मालिकेने पाच मिनिटांचा भावुक संवाद घातला असता. इथे ते दोन सेकंदांत, पाठमोऱ्या उभ्या असलेल्या दोन माणसांकडे बघून कळतं.

हे आपोआप होत नाही. चित्रीकरणाआधी नटांना विशेष दलांतल्या माजी सैनिकांकडून तालीम दिलेली आहे. आणि ज्या कादंबरीवरून ही मालिका निघाली तिचा लेखक क्रिस रायन स्वतः एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या खास कमांडो दलातला. 1991 च्या आखाती युद्धात इराकी हद्दीत उतरलेल्या आठ जणांच्या गस्ती तुकडीत तो होता. तीन मेले, चार पकडले गेले, हा एकटा चालत सीरियात पोचला, जवळपास 300 किलोमीटर. मालिकेचं कथानक कादंबरीपासून लवकरच लांब गेलं, पण हत्याराला हत्यारासारखं वागवायची शिस्त मात्र टिकली.

ब्रिटिश प्रेक्षकाला या विषयाची ओढ का, याला एक जुनं कारणही आहे. 5 मे 1980 रोजी लंडनमधल्या इराणी वकिलातीवर एसएएसने धाड घातली. सहा बंदूकधाऱ्यांनी लोकांना ओलीस धरलं होतं. काळ्या कपड्यांतले, तोंडावर गॅस मास्क चढवलेले सैनिक बाल्कनीतून आत शिरताना लोकांनी घरी बसून टीव्हीवर थेट पाहिले. सुमारे 17 मिनिटांत खेळ खलास. त्याआधी एसएएस नावाचं काही आहे हे सामान्य माणसाच्या गावीही नव्हतं. त्यानंतर त्यांच्यावर किती पुस्तकं आणि मालिका आल्या त्याला सुमार नाही, आणि ‘स्ट्राइक बॅक’ त्याच वंशातली आहे. डेल्टा फोर्सही तसं एसएएसचंच भावंड. ती उभी करणारा चार्ल्स बेकविथ 1960 च्या दशकात एसएएसबरोबर राहून काम शिकून गेला होता. त्यामुळे स्कॉट आणि स्टोनब्रिज यांचं सुरुवातीला एकमेकांना पाण्यात पाहणं आणि मग घट्ट जमणं निव्वळ फिल्मी वाटत नाही.

या दोघांच्या स्वभावाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वरवर बघता स्टोनब्रिज शिस्तीचा, संसारी, हुकूम पाळणारा आणि स्कॉट उनाड, बाईलवेडा, तोंडाळ. पण घरी बायकोशी खोटं बोलणारा आहे तो शिस्तीचा स्टोनब्रिज. स्कॉट कुणाला काही कबूल करत नाही, म्हणून त्याला कुणाला फसवावंही लागत नाही. लेखकांनी याचा गवगवा केलेला नाही. तुंबळ धुमश्चक्रीत एकमेकांना मारलेल्या टोमण्यांमधून ते हळूहळू झिरपत राहतं. आणि टोमणे खरोखर चांगले आहेत! डोक्यावरून गोळ्या जात असताना स्कॉट जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही, हा भाग वेगळा.

दुसरी जमेची बाजू म्हणजे इथे कुणाच्याही जिवाची हमी नाही. 2010 च्या पहिल्या सीझनचा नायक होता जॉन पोर्टर, भूमिका रिचर्ड आर्मिटेजची. (ज्यांना कथानक आधी कळायला नको त्यांनी पुढची दोन-तीन वाक्यं सोडून द्यावीत.) 2011 चा सीझन सुरू होतो आणि त्याच पोर्टरला शत्रू कॅमेऱ्यासमोर ठार मारतो, तेही पहिल्याच भागात. सहा भाग ज्याच्या खांद्यावर मालिका उभी होती त्याला असा संपवलेला बघितला की पुढे कुणी जखमी झालं तरी जीव टांगणीला लागतो. सेक्शन 20 च्या प्रमुखाची खुर्ची तर कुणाला लाभत नाही.

शिवाय ही मालिका आपल्या वरिष्ठांवर फारसा विश्वास ठेवत नाही, ते मला आवडतं. स्कॉटला सैन्यातून का काढलं याची गाठ सुटत जाते तेव्हा ती 2003 च्या इराक युद्धाशी आणि ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण सांगून ते युद्ध केलं त्यांच्याशी येऊन भिडते. ती शस्त्रं प्रत्यक्षात सापडलीच नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मालिका त्यातून आपलं एक कारस्थान रचते. कारस्थान अचाट आहे, पण हुकूम देणारा आणि गोळी खाणारा यांच्यातलं अंतर ती बरोबर पकडते.

उणिवांबद्दल बोलायचं तर पुष्कळ बोलता येईल. 2011 च्या सीझनमध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलवर हल्ला होतो. आपल्याला ते बघताना 26/11 आठवल्याशिवाय राहत नाही आणि तिथेच मालिकेचं पितळ उघडं पडतं. एक तर ती दिल्ली दक्षिण आफ्रिकेत उभी केलेली आहे आणि ते लपत नाही. त्याहून मोठा फरक वेळेचा. मुंबईत एनएसजीचे कमांडो 27 नोव्हेंबर 2008 च्या सकाळी उतरले आणि ताजमधला शेवटचा अतिरेकी मारला गेला तो 29 तारखेला. मधला सगळा वेळ एकेक खोली, एकेक मजला तपासण्यात गेला. कुठल्या दाराआड पाहुणा लपलाय आणि कुठल्या दाराआड बंदूकवाला, हे बाहेरून कळत नव्हतं. खऱ्या कारवाईत वाट बघणंच जास्त असतं. ‘स्ट्राइक बॅक’ला वाट बघता येत नाही, तिच्याकडे तेवढा धीर नाही. तंत्र खरं आणि वेग खोटा, असं हे मिश्रण आहे. ते मान्य असेल तरच या मालिकेच्या वाटेला जा.

खलनायक बरेचसे एका साच्यातले. ज्या देशात गोष्ट घडते तिथले साधे लोक बहुधा मरायला किंवा पळायलाच ठेवलेले. आणि अमेरिकेतल्या सिनेमॅक्स वाहिनीच्या भागीदारीमुळे असेल, पण उघडेवाघडे प्रसंग उगाच घुसडलेले आहेत, कथेला त्यांचा काडीचा उपयोग नाही. घरच्यांसोबत बसून बघायचा विचार असेल तर सोडून द्या.

बघायची कशी, तेही सांगतो. जोडीच्या काळातले सीझन बरेचसे दोन-दोन भागांच्या गोष्टींत बांधलेले आहेत. दोन भाग मिळून दीड तासाचा एक सिनेमा, नवा देश, नवं संकट. तुम्ही पाहिलेले दोन-तीन भाग जर मधूनच कुठून उचलले असतील तर अर्धी गोष्ट हातात आली असणार. 2010 चा पोर्टरचा सीझन संथ आणि जास्त गंभीर आहे. तो आवडला नाही तरी 2011 चा बघायला हरकत नाही. स्कॉट-स्टोनब्रिजची कहाणी 2015 मध्ये संपते. 2017 पासून नवी टोळी येते आणि मालिका 2020 पर्यंत चालते. ते सीझन ठीकठाक आहेत, ग्रेसी नोव्हिन हे पात्र तर झकास, पण ती दोघं नाहीत हे जाणवत राहतं. मी 2011 च्या दिल्लीच्या दोन भागांपासून सुरुवात करा म्हणेन. ते पाहूनही मन लागलं नाही तर पुढे वेळ घालवू नका, कारण पुढेही ती हेच करते, फक्त देश बदलतात.